साडेसव्वीस इंच

हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. मी नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. लिहायचं कसं ते नीट येत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. शब्द चुकतील. पण तो दिवस चुकणार नाही.

खंडेनवमी होती. मैदानावर सतरंजी अंथरून क्लबची सगळी धनुष्यं पूजेला मांडायची होती. मी रोज ज्या कंपाउंड धनुष्यानं, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेल्या धनुष्यानं, सराव करायचो, ते केसमधून काढलं आणि सतरंजीकडं निघालो.

"ए, थांब थांब," आबासाहेब म्हणाले. "आज पूजेचं हाय ते."

आबासाहेब क्लबचे अध्यक्ष. ते धनुष्य त्यांनीच क्लबला दिलेलं, त्यांच्या मुलानं, विश्वजीतनं, नवीन घेतल्यावर. त्यांचं गाव आमच्याच कंधार तालुक्यातलं. माझे वडील त्यांच्या शेतावर कामाला जायचे. आम्ही बौद्ध आहोत, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्यांनी धनुष्य माझ्या हातातून घेतलं. पाण्याची बाटली उघडली. जिथं माझी मूठ होती तिथं पाणी ओतलं. अर्धी बाटली. मग रुमालानं पुसलं आणि हळदीकुंकू लावलं.

"उद्यापासून घे की," ते म्हणाले. "एक दिवसाचंच हाय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पाऊस न आल्याचं ते दुसरं वर्ष. आमच्या वस्तीत टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. आई पहाटेच घागर घेऊन रांगेत उभी राहायची. आणि माझ्या मुठीवरून अर्धी बाटली मातीत गेली. माती इतकी वाळलेली की डागही राहिला नाही.

कोच शिट्टीच्या दोरीशी खेळत राहिले. विश्वजीत जवळ आला. "पेढा घे बे, कंधार," म्हणाला. मैदानावर सगळे मला कंधारच म्हणायचे. तोही कंधारचाच, पण त्याला कुणी म्हणायचं नाही.

मी आबासाहेबांना "बरं साहेब" म्हणालो. पेढ्यासाठी हात पुढं केला. पेढा खाल्लासुद्धा. हे लिहिताना अजून तोंड कडू होतं.

आता खरं सांगतो. मी विश्वजीतवर जळायचो. त्याच्या नव्या धनुष्यावर, त्याच्या बुटांवर, त्याच्या उंचीवर. सगळ्यात जास्त त्याच्या बाण सोडण्यावर. तो दोरी ओढायचा, थांबायचा, आणि बाण आपोआप सुटल्यासारखा जायचा. त्याच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. माझं उलटं. निशाणाच्या मधल्या पिवळ्यात भिंगातला टिपका दिसला रे दिसला की माझं बोट रिलीजच्या, म्हणजे दोरी धरून सोडायच्या चिमट्याच्या, घोड्यावर झटका मारायचं. बाण निळ्यात. कधी त्याच्याही बाहेर.

कोच ओरडायचे, "अरे, घोडा दाबू नको! पाठीनं ओढ. कोपर मागं जाऊ दे. बाण सुटल्यावर तुला कळलं पाहिजे की सुटला. आधी नाही."

मला ते समजायचं नाही. कसं समजणार? बाण मारून झाला की मी दुर्बिणीतून आधी त्याचं निशाण बघायचो, मग माझं. एकदा तर मनात आलं, त्याची दोरी तुटावी. तोंडावर तुटावी. दसऱ्यानंतरच्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. कंपाउंडला दोनच जागा. एक त्याची, हे ठरल्यासारखंच. दुसरी मला हवी होती. दुसरं काही नको होतं.

दसऱ्याच्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून धम्मचक्र दिनाच्या मिरवणुकीत गेलो. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर हात जोडले, तर ओठावर पेढ्याचीच चव आली. लाज वाटली.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मैदानावर संगीताताई आली होती. ती लातूरची. पोलीस भरतीची तयारी करायला नांदेडला राहते, तीही कंपाउंड मारते. तिनं माझे चार बाण बघितले.

"तू मान पुढं का काढायलास रे?"

"दोरी तोंडापर्यंत यावी म्हणून."

"अन् हात असा ताणलेला? तुझं माप काय?"

"कसलं माप?"

तिनं माझ्या हातातलं धनुष्य काढून खाली ठेवलं. मग म्हणाली, "हात पसर."

बॅगेतून शिंप्याचा टेप काढून तिनं एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत मोजलं. सव्वासहासष्ट इंच. त्याला अडीचनं भागलं.

"साडेसव्वीस. तुझी दोरी एवढीच ओढली जायला पाहिजे. अन् हे धनुष्य लावलंय एकोणतीसवर. कोणाचं हाय हे?"

मी विश्वजीतकडं बोट दाखवलं.

"वर्षभर तू त्याच्या हातानं मारायलास की रे," ती म्हणाली.

मलाही माप असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझे हातच आखूड आहेत. मान लांब करायची, पाठ वाकवायची, खांदा उचलायचा, म्हणजे धनुष्य जमेल. वडीलही असंच करायचे. आबासाहेबांसमोर उभे राहताना त्यांची उंची कमी व्हायची.

ताईनं दोन्ही चाकांचे स्क्रू ॲलन कीनं सैल केले, चाकांवरचे मापाचे तुकडे फिरवले, परत आवळले. पाच मिनिटांचं काम. मी दोरी ओढली. मान सरळ राहिली. दोरीत बसवलेलं नेम धरायचं भोक आपोआप डोळ्यासमोर आलं. टिपका पिवळ्यात हलत होता, हलू दिला. बोट घोड्यावर नुसतं ठेवलं. पाठीनं ओढत राहिलो. ओढत राहिलो. आणि बाण सुटला. मी दचकलो.

पिवळा.

विश्वजीतचं निशाण बघायचं त्या दिवशी पहिल्यांदा विसरलो.

तेवढ्यात कोच धावत आले. "सेटिंग कोणी बदललं? साहेबांनी सांगितलंय त्याला हात लावायचा नाही. विश्वजीतचं स्पेअर हाय ते. परत एकोणतीसवर कर."

आबासाहेब खुर्चीवरून बघत होते. कोचनी ताईकडची ॲलन की माझ्या हातात कोंबली.

"नाही करणार," मी म्हणालो.

की ताईच्या हातात परत दिली. 

"काय म्हणालास?"

मी धनुष्य आबासाहेबांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवलं. "हे धुवून घ्या साहेब. मी हात लावलाय."

 विश्वजीतनं मान खाली घातली.

रविवारच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाणच मारू दिले नाहीत. कोच म्हणाले, "तुझा तालुका आता नव्या जिल्ह्यात जाणार म्हणतात. इकडून खेळवून काय फायदा?" नव्या जिल्ह्याची चर्चा तेव्हा प्रत्येक चहाच्या टपरीवर होती.

"विश्वजीतचा तालुका कोणता हाय सर?" मी विचारलं.

ते शिट्टी वाजवत निघून गेले.

त्यानंतर ताईनं मला तिचा जुना रिलीज दिला, मनगटाला बांधायचा, घोड्याचा. मी नायलॉनच्या दोरीचा फास केला, माझ्या मापाचा. होस्टेलच्या गच्चीवर सकाळी तोच ओढतो. डाव्या मुठीत दोरी, उजव्या हाताला रिलीज, पाठ आवळायची, घोडा आपोआप सुटेपर्यंत. समोरच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीवर खडूनं टिपका काढलाय. बाण नाही, धनुष्य नाही. रोज शंभर वेळा. बोट आता झटका मारत नाही.

मागच्या आठवड्यात विश्वजीतचा फोन आला. त्यानंच बातमी सांगितली. जिल्हा अजून जाहीर नाही, ऑफिस नाही, कलेक्टर नाही. पण नव्या जिल्ह्याची धनुर्विद्या संघटना झाली. अध्यक्ष आबासाहेब. पुढच्या महिन्यात निवड.

"तू ये बे, कंधार," तो म्हणाला. "फक्त आबांना एकदा सॉरी म्हण. विषय संपला."

तो मनानं वाईट नाही. मी त्याच्यावर अजून जळतो.

"येतो," मी म्हणालो. "सॉरी म्हणणार नाही."

फॉर्म आणला. भरला. शेवटी एक रकाना होता, अध्यक्षांची शिफारस. त्यावर मी आडवी रेघ मारली. मापासाठी रकाना नव्हता. समासात लिहिलं, साडेसव्वीस इंच. खाली सही केली, पूर्ण नावानं.