मुक्कामी राहिलेली गौर

लग्न होऊन बोरिवलीत आले, तेव्हा सासूबाईंनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते तोंड बंद ठेवायला. वर्षातून एकदाच, पण अगदी गच्च. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात घरच्या सुनेने पाणवठ्यावर जायचं, सात खडे वेचून ताम्हणात घ्यायचे आणि तोंडात पाण्याचा घोट धरून, वाटेत कुणाशीही न बोलता घरी यायचं. दारात पायांवर दूध-पाणी घालतात, ओवाळतात, आणि ते सात खडे माहेरवाशीण होऊन गणपतीशेजारी बसतात. तिसऱ्या दिवशी त्यांना परत पाण्यात सोडायचं. माझ्या माहेरी मुखवट्यांच्या गौरी, भरजरी साड्या, नथी, बाजूबंद. त्यामुळे पहिल्या वर्षी ते सात काळे दगड पाहून मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं.

पाणवठा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाशी वाहणारी दहिसर नदी. सगळी बोरिवली तिला नाला म्हणते. आमच्या घरात तो शब्द चालत नाही. माझ्या नवऱ्याने एकदा जेवताना 'नाल्यावर' म्हटलं, तर सासूबाईंनी त्याच्या ताटातला श्रीखंडाचा चमचा वाटीत परत ठेवला. पन्नाशीच्या मुलाच्या.

तोंडातला घोट मात्र आता घरून न्यावा लागतो, फिल्टरचा. सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांनी तो नदीतूनच ओंजळीने घेतला होता. हे त्या कधी हळहळून सांगत नाहीत. चिडून सांगतात. मला त्यांचं तेच आवडतं.

त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. नद्यांचं शिक्षण वगैरे काही नाही. पण दरवर्षी त्याच पाण्यात वाकून खडे वेचल्यामुळे असेल, त्यांना नदीच्या रंगावरून वर काय चाललंय ते कळायचं. सुरुवातीला मला हा थापेबाजीचाच प्रकार वाटायचा. मग एका रविवारी त्यांनी मला काठाकाठाने वर नेलं. गुडघे दुखत होते, तरी नॅशनल पार्कापर्यंत चालल्या. आदल्या रात्री धो-धो पाऊस झाला होता, आणि जंगलातल्या ओहोळात तळाचा एकेक दगड दिसत होता. त्या म्हणाल्या, इथे पाऊस आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यावर, मग मुळांतून सावकाश झिरपतो, म्हणून माती जागेवर राहते. परतताना मी मुकाट्याने बघत गेले. जंगल संपलं आणि उघडी, खणलेली जमीन लागली तिथे पाणी चहासारखं झालं. तबेल्यांच्या खाली शेणाने हिरवट काळं. पुढे कुठल्याशा कारखान्याच्या पाइपातून पांढुरकी धार. आमच्या पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत त्या एका पाण्यात इतकी माणसं येऊन मिसळली होती की घरी येऊन मी दोनदा हात धुतले.

नवऱ्याने मग सोपा उपाय काढला. गाडीने पार्काच्या दाराशी जाऊ, तिथले स्वच्छ खडे आणू. सासूबाईंनी ऐकूनही घेतलं नाही. एक तर जंगलातलं काही उचलून आणायची परवानगी नाही. आणि दुसरं, गौर आपणहून येते, तिला तिच्या घरातून ओढून आणत नाहीत. डोंगरातून निघालेला खडा पाण्याबरोबर घरंगळत आमच्या दारापर्यंत येतो, त्याला किती पावसाळे लागत असतील देव जाणे. इथवर जी चालत आली तीच आमची, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवसापासून मला ते सात दगड मुखवट्यांपेक्षा देखणे वाटायला लागले.

पण खडे मिळणं वर्षागणिक कठीण होत गेलं. वरून गाळ येई आणि खडे त्याखाली गाडले जात. मागच्या वर्षी तर कहर झाला. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी पाणी गढूळ. मी पायरीवरून उतरले आणि पोटरीपर्यंत चिखलात गेले. तोंडात पाणी, हातात ताम्हण, साडी खोचलेली, वर पुलावर दोन जण मजा बघत उभे. बोलता येत असतं तर त्यांना चार शब्द ऐकवले असते. चाचपून चाचपून सहा खडे मिळाले. सातवा काही केल्या मिळेना. शेवटी चिखलात काहीतरी चपटं, गुळगुळीत हाताला लागलं. ते विसळल्यासारखं केलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी पूजा. घावन-घाटल्याचा नैवेद्य तयार होता, हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या. सासूबाई एकेका खड्याला पंचामृताने न्हाऊ घालत होत्या. सातव्याशी त्यांचा हात थांबला. दूध ओघळलं तशी त्यावरची मातीही ओघळली, आणि खाली हिरवे-पांढरे ठिपके दिसायला लागले. मोझॅकची लादी. आमच्याच जिन्यातली. त्या उन्हाळ्यात सोसायटीने जिना आणि सगळ्यांची न्हाणीघरं फोडून नवी केली होती, त्यातला तुकडा. तो गुळगुळीतपणा नदीने दिलेला नव्हता, आमच्या चपलांनी दिला होता.

नवऱ्याला हसू आवरेना. कुणी म्हणालं बदलून टाका, कुणी म्हणालं गुरुजींना विचारा. सासूबाईंनी लादी पुसली, तिला हळदकुंकू लावलं आणि पूजा पुढे चालू केली. आली आहे तर पाहुणचार होणार, एवढंच म्हणाल्या. पण घाटल्याची वाटी त्यांनी तशीच बाजूला सारली, ते मी पाहिलं.

विसर्जनाला त्यांनी सहा खडे नदीत सोडले. सातवा परत घरी आणला. नदी तिचं घर नाही, तर तिथे कशी टाकू, असं त्यांनी मलाच विचारलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पुन्हा काठाने वर चालायला लावलं. तबेल्यामागे, वळणावर, आमची सोसायटी पडली होती. अख्खी. जिन्याच्या पायऱ्या, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या निळ्या टाइल्स, आमच्याच बाथरूमची भिंत, विटा, आणि त्याबरोबर खणून टाकलेली मातीची रास. पावसाने ती रास एका बाजूने कापली होती आणि माती अजून थोडी थोडी पाण्यात घसरत होती. मी कालपर्यंत ज्या चिखलाला शिव्या देत होते, त्यातला बराचसा आमचाच होता. सासूबाई तिथे एका विटेवर बसल्या. सोसायटीच्या अध्यक्ष त्याच होत्या. पावसाआधी सगळं उचल म्हणून कंत्राटदाराच्या मागे त्याच लागल्या होत्या. कुठे नेणार, हे त्यांनी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी सभा बोलावली आणि राडारोडा आपण उचलायचा, असं सांगितलं. कंत्राटदार फोन उचलत नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, एरवी फार सज्जन, म्हणाले की वर तबेले आहेत, कारखाने आहेत, बिल्डर आहेत, रोज गाड्याच्या गाड्या ओतल्या जातात. आपला एक ढीग उचलून काय फरक पडणार. त्यांचं चुकीचं नव्हतं. माना डोलायला लागल्या.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाकीच्यांचं ते बघतील. त्या ढिगातली पायरी माझी आहे. तिच्यावरून मी माप ओलांडायला वर आले होते."

मग त्याच गृहस्थांनी विचारलं की डंपरसाठी कुणाशी बोलायचं.

सांगितलं तेवढं सोपं झालं नाही. परवानगी, जागा, गाडी, सगळ्यालाच वेळ लागला. तोवर आमची सातवी गौर मुक्कामाला राहिली. गणपती गेले, अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला, तरी ती देव्हाऱ्याशेजारी पाटावर. रोज तिला हळदकुंकू, रोज नैवेद्य. नणंदेचा फोन आला, पितृपक्षात गौर घरात ठेवतं का कुणी. सासूबाईंनी तिला सांगितलं की पाहुणीला जायला घर नाही, मी काय रस्त्यावर काढू. मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं. इतक्या हट्टी बाईच्या हाताखाली मी सून म्हणून आले, याचा मला त्या दिवसांत फार अभिमान वाटला.

दसऱ्याच्या आधी डंपर आला. मी ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. ढीग भरून होईपर्यंत सासूबाई काठावर उभ्या होत्या, रेशमी साडी नेसून, हातात ताम्हण. पालिकेने नेमून दिलेल्या जागी गाडी जाणार, हे त्यांनी ड्रायव्हरकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्याला थांबायला सांगितलं. मला वर चढवून राडारोड्यावर केळीचं पान ठेवायला लावलं, त्यावर लादीचा तुकडा, शेजारी दहीभाताची शिदोरी. ड्रायव्हरने काही न विचारता इंजिन बंद केलं.

गौर पाठवताना अक्षता वाहून तिला पुन्हा यायचं आमंत्रण देतात. ते दिल्याशिवाय पाठवलेली गौर घरावर रुसते, हे मला सासूबाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी खालून अक्षता टाकल्या. हात जोडले. मी त्या शब्दांची वाट बघत होते. त्या म्हणाल्या,

"पुन्हा येऊ नकोस गं, बाई."