हमीदचाचांची मुलाखत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या राव, कारण माझा गाढवपणा ऐकता ऐकता तुमचं हसू कधी अडकेल, सांगता येत नाही.

आमचं जुन्नरचं रेडिओ केंद्र म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. सकाळी तालुक्याच्या बातम्या, मग बाजारभाव, मग गप्पा. जुन्नर-आंबेगावात गोठ्यात, टेम्पोत, सलूनमध्ये आमचाच आवाज! आणि गप्पांचा निवेदक कोण? अस्मादिक.

केंद्राचा वर्धापनदिन आला. आमच्या केंद्रप्रमुख सुनंदाताई म्हणाल्या, "या वेळी आपल्या केंद्राचा इतिहास सांगू. हमीदचाचांना बोलव."

हमीदचाचा म्हणजे केंद्राचा पहिला आवाज. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. सुरुवातीची कित्येक वर्षं, दुकान जुबेदाचाचींवर सोपवून, रोज सकाळी बातम्या त्यांनीच वाचल्या. फोन केला तर लगेच तयार.

"पर लवकर घे बेटा. पुण्याला घशाचं ऑपरेशन हाय. आवाज ऱ्हाईल का नाय, डॉक्टरला पण सांगता येत नाय. हाय तवर भरून घे."

ऐकलंत? माणसानं एवढं स्पष्ट सांगितलं होतं!

चाचा आले. इस्त्रीचा पांढरा झब्बा, अत्तराचा घमघमाट. मी दोन माइक मांडले, बटणं दाबली. आवाज भरतोय का ते ऐकायचा हेडफोन? तो गळ्यात! डोक्यावर घातला की केस चपटे होतात, आणि मला फोटो काढायचा होता ना.

चाचा बोलत राहिले. पहिल्या दिवसाचं, बिबट्या गावात शिरला तेव्हाचं, आणखी कशाकशाचं. मधेच त्यांनी डोळे पुसले. मी मान डोलवत होतो, आणि टेबलाखाली मोबाईलवर जाहिरात लिहीत होतो : 'हमीदचाचांची मुलाखत, रविवारी सकाळी. ऐकायला विसरू नका!'

जाहिरात वाजत राहिली. बेल्ह्याच्या बाजारातून व्यापाऱ्यांचे फोन. ओझरच्या एका हॉटेलवाल्यानं तर खास नवा स्पीकर आणला! एडिटिंग मात्र मी आज करू, उद्या करू. तेवढ्यात चाचांचं ऑपरेशनही झालं.

शेवटी आदल्या दिवशी, शनिवारी बसलो. सुनंदाताई शेजारी. लावलं रेकॉर्डिंग.

"हं." शांतता. "अच्छा!" शांतता. "वा वा, मग?" लांब कुठंतरी डास गुणगुणल्यासारखं काहीतरी. मग माझं गडगडाटी हसणं. मग "अरेरे, अरेरे!"

"चाचा कुठायत?" ताईंनी विचारलं.

"येतील की... पुढं येतील."

पुढं मी खोकलो होतो.

चाचांच्या माइकचं बटण दाबलंच गेलं नव्हतं! अख्ख्या केंद्राचा इतिहास, आणि त्यात माझ्या हुंकारांखेरीज काही नाही!

तसाच पळत चाचांच्या घरी गेलो. चाचा गळ्याला पट्टी बांधून खुर्चीत बसलेले. आवाज गेला होता. मी कसंबसं सगळं सांगितलं. चाचांनी डोळे मिटून घेतले. मग चाचींना जवळ बोलावून नुसते ओठ हलवले.

चाची म्हणाल्या, "ते म्हणत्यात, रडू नको. रेकॉर्डिंग गेलं तर जाऊ दे. तुला समोर बसवून समदं सांगितलंय ना? तूच सांग रेडिओवर. मी घरी बसून ऐकतो."

किती मोठं मन! आणि मी विचारलं काय?

"चाचा, ते बिबट्याचं... गाव कुठलं व्हतं?"

चाची माझ्याकडं बघायला लागल्या.

"आणि तुम्ही डोळे पुसले, ते... कशावरून?"

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तोंड खिडकीकडं फिरवलं.

रविवारी मुलाखतीच्या वेळेला आम्ही गाणी लावली, ते सोडा. शनिवारी चाचांच्या घरून निघताना मी खाली मान घालून दारात चपला शोधत होतो. चाची मागून आल्या. वाटलं, दोन शब्द धीराचे बोलतील.

हळूच म्हणाल्या, "बेटा, आमचा पुण्याचा डॉक्टर लई चांगला हाय. घशासंगं कान बी बघतो. एकदा जाऊन ये."