गुलव्वाची मालकीण

होनळवाडीच्या निलम्माकडं घोडी आली ती कुणी दिली म्हणून नव्हे, कुणी घेतली नाही म्हणून.

जहागिऱ्या मोडल्या त्या सालची गोष्ट. आळंदच्या पलीकडच्या गढीतले जहागीरदार बायकामुलं, भांडीकुंडी आणि एक ग्रामोफोन घेऊन हैदराबादला निघून गेले. मागं तबेला राहिला. त्यातली चांगली जनावरं वजनदार लोकांनी नेली, बरी होती ती टांगेवाल्यांनी नेली, आणि शेवटी एक तांबडी घोडी उरली. अंगानं तरणी, चालीला मऊ, पण उजव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. डोळ्यातलं पाणी जिथं ओघळावं नेमकं तिथं. अशा जनावराला आसूढाळ म्हणतात. ते ज्याच्या दावणीला, त्याच्या घरात रडारड आणतं आणि मालकिणीचं कुंकू पुसतं, असं घोड्यातलं कळणारे सांगतात. आणि त्या मुलखात घोड्यातलं न कळणारा माणूस मिळणं कठीण. ज्यांच्या घराण्यात कधी शिंगरू उभं राहिलं नव्हतं, तेसुद्धा भोवऱ्यांबाबत ठाम असत.

निलम्मा जळण गोळा करत गढीपर्यंत गेली होती. दाराशी घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार बसला होता आणि त्याच्या मागं घोडी उभी होती. दोघांच्याही बरगड्या दिसत होत्या.

"ले जाव अम्मा," मोतद्दार म्हणाला. "मगर आसूढाळ है, पहलेच बोल देतौं. घर के मरद को खाती."

"माझा गेलाय की कवाच," निलम्मा म्हणाली. "पिलेगात. आता हिला माझ्याकडं काय काम उरलंय?"

मोतद्दाराच्या उभ्या नोकरीत हा मुद्दा कुणी काढला नव्हता. त्यानं थोडा विचार केला आणि घोडीच्या तोंडाची दोरी, मोरखी, तिच्या हातात दिली. घोडीचं नाव गुलबदन आहे, एवढं मात्र त्यानं बजावून सांगितलं. वेशीत येईस्तोवर तिची गुलव्वा झाली होती.

निलम्माला मूलबाळ नव्हतं. दोन खणांचं घर, कसायला ओढ्याकाठचं थोडं रान आणि फटकळ तोंड, एवढी तिची मिळकत. जोंधळ्याचा कडबा, भिजवलेले हरभरे आणि वेळेवर पाणी एवढ्यावर गुलव्वा दोन पावसाळ्यांत अशी भरली, की वाटेनं जाणारा माणूस आधी थांबून बघायचा, मग भोवरा दिसला की चालू लागायचा.

पुढं गोतावळा वाढला. एक डोळ्यांनी गेलेलं म्हातारं तट्टू धनगरांच्या तळावरून मागं राहिलं आणि गुलव्वाचा वास काढत निलम्माच्या दारात आलं. ते मान ताठ ठेवून चालायचं आणि कामाचं कधीच नव्हतं, म्हणून गावानं त्याला सुभेदार म्हणायला सुरुवात केली. मग एक खेचर आलं. निजामाविरुद्ध हिंदुस्थानची फौज आली त्या साली ते मागं राहिलं असावं. त्याच्या मानेवर लष्कराचा डाग होता. तो फौजी. निलम्मानं कुणालाच बोलावलं नव्हतं, पण हाकलूनही दिलं नव्हतं, आणि ह्या दोन गोष्टींतला फरक जनावरांना माणसांपेक्षा लवकर कळतो.

रोज सकाळी ती तिघांना खरारा करायची. मग ओढ्याकडं वरात निघायची: पुढं गुलव्वा, तिच्या मागच्या मांडीला नाक लावून सुभेदार, आणि सगळ्यांत मागं कान पाडून फौजी. ओढ्यावर गुलव्वा बाजूला उभी राहायची. आंधळ्याचं पिऊन झालं, खेचराचं झालं, की मग ती तोंड खाली घालायची.

"ह्या घरात शेवटी जेवणारी बाई एकच होती," शेजारची मल्लव्वा म्हणायची. "आता दोन झाल्या."

गाव बसवण्णांना मानणारं. शकुन-अपशकुन खोटे, हे मठात दर सोमवारी ऐकायचं, माना डोलवायच्या आणि घरी जाताना मांजर आडवं गेलं तर जरा थांबायचं, अशी पद्धत होती. त्यामुळं भोवऱ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. फक्त जे काही वाईट होई ते गुलव्वाच्या नावावर जाई. विहीर ढासळली, गुलव्वा. म्हैस गाभडली, गुलव्वा. शिवशंकरप्पांचा खिलारी बैल नांगराच्या भर तासात कोसळला, तेव्हा तर विचारायलाच नको. शिवशंकरप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. आळंदच्या बाजारात त्यांची तूर आली की भाव ऐकायला लोक उभे राहत. त्यांनी चावडीवर चार माणसं बसवली आणि निलम्माला बोलावलं.

"निलम्मा, येळवशीची आवस आली. माळेगावची घोड्यांची जत्रा बी तवाच भरती," ते म्हणाले. "ती घोडी जत्रंला जाऊ दे."

"कामून अण्णा? तिनं काय केलं?"

"तिनं केलं आसं म्हणायलाय कोण? बसवण्णांची लेकरं आपण, आपण असलं मानत न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "पर गाव मानतंय."

गाव म्हणजे तिथं बसलेले चौघे. त्यांनी माना हलवल्या.

निलम्मा घरी आली. आसूढाळ जनावर जत्रेत कोण घेतं, हे तिला ठाऊक होतं. बसायला कुणी घेत नाही, टांग्याला कुणी घेत नाही. घेतात ते चुन्याचे घाणेवाले. तिथं डोळ्यांना झापड बांधून दिवसभर गोल फिरवतात, त्यामुळं भोवरा कुठं आहे ह्यानं फरक पडत नाही. आणि गुलव्वा गेली की सुभेदार कुणाच्या मांडीला नाक लावून ओढ्यावर जाणार? त्या दिवशी भाकरी थापताना दोनदा तिचा हात थांबला. नवरा गेला तेव्हा आपल्याकडं हरण्यासारखं काही उरलं नाही, असं तिला वाटलं होतं, आणि त्याच बळावर तिनं ती मोरखी धरली होती. आता तसं राहिलं नव्हतं. भोवरा मालकिणीला रडवतो एवढंच शास्त्र सांगतं. कुणासाठी, ते सांगत नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

पण येळवशीच्या आधी शिवशंकरप्पांच्या मुलीचं, महादेवीचं लग्न होतं. सोयरे उमरग्याकडचे, ताठ माणसं. नवरदेव वेशीतल्या बसवण्णाच्या देवळापासून मांडवापर्यंत घोड्यावरूनच येणार, बैलगाडीतून येणार नाही, असा त्यांचा निरोप आला. शिवशंकरप्पांनी आळंद धुंडाळलं, अक्कलकोटपर्यंत माणूस पाठवला. जहागिऱ्यांबरोबर घोडेही गेले होते. आसपासच्या पाच-सात गावांत नवरदेव बसवावा असं जनावर उरलं होतं ते एकच.

शिवशंकरप्पा निलम्माच्या दारात आले तेव्हा ती फौजीचा खूर साफ करत होती. तिनं पाटही मांडला नाही.

"बस की अण्णा, कडब्यावर."

ते उभेच राहिले. "घोडी पायजे. लग्नापुरती."

"जत्रंला न्यायची हुती न्हवं?"

"ते नंतरचं." त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "पर भोवरा हाय. व्हय न्हाई म्हणता जावयाच्या जीवाचा प्रश्न. मी त्याच्यावर तोड काढलीया."

तोड अशी होती. भोवरा बाधतो मालकाला आणि मालकाच्या प्रपंचाला. तेव्हा लग्नाच्या दिवसापुरता मालक असा हवा, की ज्याला प्रपंचच नाही. मठातले गुरुलिंगय्या विरक्त. बायको नाही, पोर नाही, रडायला कुणी नाही. घोडी त्यांच्या नावानं करायची, काम उरकायचं, दुसऱ्या दिवशी परत. हे सांगताना शिवशंकरप्पांचा चेहरा एवढा खुलला, की निलम्माला हो म्हणावंच लागलं.

"आन उगं तोंडानं बोलून भागायचं न्हाई," ते जाता जाता म्हणाले. "सोयऱ्यांम्होरं पक्कं झालं पायजे. दानाचं उदक सोडायचं."

लग्नाच्या दिवशी सकाळी सोयऱ्यांदेखत सगळे मठाच्या अंगणात जमले. गुरुलिंगय्या ओट्यावर बसले होते. वयानं वाकलेले, डोळे मात्र तरतरीत.

"शिवशंकरप्पा, नीट विचार केलायसा?" त्यांनी विचारलं.

"केलाय अय्या. येळ जायलाय. उरका."

निलम्माच्या हातात पाण्याचा तांब्या दिला गेला. गुलव्वाची मोरखी एका हातात, तांब्या दुसऱ्या. आणि तेव्हा तिला सासऱ्यानं मठाला दिलेली ओढ्याकाठची पट्टी आठवली. सासऱ्यानं असंच, ह्याच अंगणात, त्या जमिनीवर उदक सोडलं होतं. आजही ती पट्टी निलम्माच कसत होती, तिथलंच गवत ही जनावरं खात होती, पण पट्टी मठाची. घरात पुढं किती अडचणी आल्या, तरी परत मागायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण तशी रीतच नव्हती. लग्नाच्या घाईत हे शिवशंकरप्पांना सुचलं नव्हतं. तिला सुचलं, आणि तिचा हात थांबला.

पाणी सोडलं, तर गुलव्वा पुन्हा कधीच आपली होणार नाही. नाही सोडलं, तर ती जत्रेपर्यंतच आपली.

"सोड की निलम्मा!" शिवशंकरप्पा खेकसले.

अय्यांनी ओंजळ पुढं केली होती.

"ही आता माझी न्हाई," निलम्मा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिनं ते मोठ्यानं म्हटलं. पाणी ओंजळीत पडलं.

वरातीत आणखी एक घोळ झाला. नवरदेव चढला, सनई लागली, हलगी कडाडली आणि गुलव्वा जागची हलेना. लगाम ओढला, चुचकारलं, उमरग्याच्या एका मामांनी मागून ढकललं. घोडी मान वळवून निलम्माच्या घराकडं बघत उभी.

"तिची मानसं आणा की!" मल्लव्वा गर्दीतून ओरडली. "तिच्याकडच्यांना आवतान न्हाई व्हय?"

शेवटी सुभेदार आणि फौजी आले. सुभेदारानं नाक मांडीला लावलं, फौजीनं कान पाडले, आणि वरात चालू लागली. पुढं लगाम धरून निलम्मा. विधवेनं वरातीच्या पुढं चालावं का, ह्यावर कुणीतरी तोंड उघडलं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या हाताला घोडी येईना, आणि शिवाय आपण असलं मानत नव्हतो. निलम्मा मात्र वाटभर मागं वळून नवरदेवाकडं बघत होती. कोवळं पोरगं, बाशिंगाखाली घामेजलेलं. भोवरा खोटा हे ती इतकी वर्षं गावाला सांगत आली होती, आणि आता प्रत्येक खड्ड्यापाशी ती लगाम आखडून धरत होती. मांडवापाशी तो धडपणी उतरला तेव्हा तिनं आधी त्याला नव्हे, घोडीला हात लावला.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी शिवशंकरप्पा मठात गेले.

"अय्या, घोडी निलम्माच्या नावानं परत करा. जत्रंला न्यायचीया."

गुरुलिंगय्यांनी विचारलं, "मठाला दिलेलं परत मागायची रीत तुझ्या घराण्यात कवापासून पडली, शिवशंकरप्पा?"

"पर ते लग्नापुरतं हुतं!"

"पाण्याला मी तसं सांगितलं न्हवतं. तू बी न्हाई सांगितलंस."

मठाचं जनावर विकता येत नाही. गावाबाहेर काढता येत नाही. देवाला सोडलेल्या वळूसारखं ते कुणाच्याही रानात चरू शकतं, आणि त्याच्यावर काठी उगारणं हे भोवऱ्यापेक्षा फार वाईट. हे सगळं शिवशंकरप्पांना माहीत होतं. इतकंच, की आजवर ते त्यांच्या बाजूनंच लागू पडत आलं होतं, म्हणून त्यांनी त्याचा विचार केला नव्हता.

"मठात गोठा न्हाई," अय्यांनी निलम्माला निरोप पाठवला. "मठाची घोडी तूच सांभाळ."

पहिले काही दिवस खरारा हातात घेताना निलम्मा घुटमळायची, परक्याच्या वस्तूला हात लावावा तशी. रात्री दार लावताना मनात येई, अय्या म्हातारे झालेत. उद्या मठात दुसरं कुणी बसलं आणि घोडी न्यायला माणूस आला, तर आपण कोण म्हणून आडवं यायचं? गुलव्वाला ह्यातलं काही कळलं नव्हतं. ती ओढ्यावर तशीच बाजूला उभी राहायची आणि दोघांचं पिणं संपायची वाट बघायची.

येळवशीला, रानाच्या पूजेच्या सणाला, सगळं गाव रानात होतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, अंबिलीची मडकी उघडली, पंगती बसल्या. निलम्मा मल्लव्वाशेजारी बसून भज्जी आणि उंडे खात होती. तेवढ्यात बांधापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. गुलव्वा शिवशंकरप्पांच्या शेंगांनी लवलेल्या तुरीत शिरली होती. मागं सुभेदार, त्याच्या मागं फौजी.

शिवशंकरप्पा काठी घेऊन धावले. घोडीपाशी पोचले, थांबले, काठी खाली ठेवली आणि हात जोडले. मग वळून बोंबलले, "निलम्मा! हाक मार की तुझ्या घोडीला!"

"माझी कुठली, अण्णा," निलम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. "मठाची."

"आगं तूर खायलीय!"

"व्हय. दिसायलंय."

तिनं हातातला उंडा संपवला, वर घोटभर अंबील घेतली, हात धुतले. मग उठून बांधावर गेली आणि तिघांनाही हाक मारली.