माणूस, नग एक

कॉलेजच्या सामानाच्या रजिस्टरात फार पूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं : ‘माणूस (हाडांचा), नग एक.’ कंसातलं वाचायला वेळ कुणाला असतो! त्यामुळे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या सांगाड्याला सगळं कॉलेज ‘माणूस’च म्हणायचं. “माणूस पाठवा”, “माणूस पुसून घ्या”, “माणसाचा अंगठा कुणी ढापला?” असलं काही कानावर पडलं की नवे प्राध्यापक दचकायचे आणि आठवडाभरात स्वतःही तसंच बोलायला लागायचे.

या माणसाची ने-आण करायचे मामा. प्रयोगशाळेतले मदतनीस, सव्वीस वर्षं नोकरी. सांगाडा खांद्यावर टाकून तीन जिने चढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोनशे सहा हाडं त्यांना तोंडपाठ होती. बायकोनं सांगितलेल्या दोन कामांतलं एक मात्र हमखास डोक्यातून जायचं.

तसंच झालं. मामींचे थोरले भाऊ डोळे तपासायला आले होते. डोळ्यांत औषध घातल्यावर त्यांना धड दिसणार नव्हतं, म्हणून दवाखान्यातून त्यांना घरी आणायचं काम मामांकडे होतं. मामा त्या दुपारी सांगाड्याच्या मणक्यांत तार ओवत बसले. मेहुणे तीन तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले आणि शेवटी एका अनोळखी बाईचा हात धरून घरी पोचले. मामी एवढंच म्हणाल्या, “माणूस आहात का तुम्ही?” आणि त्यांनी बोलणं टाकलं.

भांडण परवडलं असतं. मामींची बडबड थांबली आणि मामांना घर खायला उठलं. डबा रोज वेळेवर भरला जायचा, पण तो ओट्यावर असा आदळायचा की झाकणालाही काय ते कळावं.

नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजात व्याख्यानमाला लागली : ‘माणूस म्हणजे काय?’ रोज एक विषय, रोज एक प्राध्यापक, आणि प्रत्येकाला मंचावर सांगाडा हवाच. मामा बाजूला उभे राहून ऐकू लागले. इतरांसाठी तो विषय असेल, मामांना तो घरून विचारलेला प्रश्न होता.

सोमवारी रसायनशास्त्र झालं. संध्याकाळी मामा म्हणाले, “अगं, माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच असतो म्हणे.” मामींनी पाण्याचा पेला पुढ्यात आदळला. मंगळवारी अर्थशास्त्र. “माणूस स्वतःचा फायदा बघतो.” मामींनी अशी नजर टाकली, की यात नवीन ते काय! बुधवारी इतिहासवाल्यांनी सांगितलं, की माणूस चुकांतून काहीही शिकत नाही. ते मामांनी घरी सांगितलंच नाही. गुरुवारी मानसशास्त्र ऐकून मात्र ते हरखून घरी आले. “अगं, विसरण्यालासुद्धा कारण असतं! जे मनातून नकोसं असतं ना, तेच माणूस...” आपण मेहुण्यांबद्दल बोलतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मामी उठून आतल्या खोलीत गेल्या.

शुक्रवारी सकाळी मामा डबा आणि मोबाइल दोन्ही विसरून निघाले. कॉलेजात बघतात तर सांगाड्याचा डावा पाय खुब्यातून निखळलेला, आणि दुपारी तत्त्वज्ञानाचं व्याख्यान. त्यांनी सांगाडा कपाटात ठेवला, किल्ली कारकुनाकडे दिली आणि ते स्क्रू आणायला गेले.

इकडे मामींनी डबा पाहिला. मोबाइल लावला तर तो ओट्यावरच वाजला. नाइलाजानं त्यांनी ऑफिसला फोन केला. फोन कारकुनानं घेतला.

“आमचा माणूस आहे का तिथं?”

“आहे ना. कपाटात.”

“कपाटात?”

“डावा पाय निखळलाय. पडायला नको म्हणून कुलूप लावलंय. कुठल्या कॉलेजातून बोलताय?”

फोन केव्हाच बंद झाला होता.

मामा स्क्रू घेऊन परतले, तो प्रयोगशाळेतून आवाज आला, “उघडा म्हणते ना ते कपाट!” आठवड्यानंतर ऐकलेला तो आवाज. मामा दारातच थबकले. घरातल्या चपला, हातात डबा, अशा मामी कपाटासमोर उभ्या होत्या. कारकुनानं दार उघडलं. एका पायावरचा सांगाडा हसत होता.

“हा नव्हे!” मामी ओरडल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. मग त्यांना दारातले मामा दिसले.

“पाय दाखवा.”

मामांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही पाय जागच्या जागी होते. मामींनी पदरानं डोळे पुसले आणि मामांचेही डोळे भरून आले.

एवढ्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक धापा टाकत आले. “मामा, माणूस कुठाय? हॉल भरलाय!”

“तो मोडका न्या,” मामी म्हणाल्या. “हा नग माझा आहे. याला आधी जेवायचंय, मग माझ्या दादाला फोन लावून माफी मागायचीय.”

मामांनी दोन्ही कामं केली, आणि तीही सांगितलेल्या क्रमानं.