मालतीला कोण सांगणार

कालिंदी बेहेरे हिला बोलवायचं ते माणूस जायला टेकलं की, असं कलकत्त्यातल्या मराठी घरांना पंधरा वर्षांत पाठ झालं होतं. बोलावणारे तिला विचारत नसत, तिच्या थोरल्या दिरांना विचारत. मनोहरभावोजी तिथल्या मराठी मंडळाचे चिटणीस, साऱ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. समोरचा बोलून व्हायच्या आत ते म्हणून टाकत, "आमची कालिंदी येईल ना!" आणि कालिंदीला ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी, ताटावर बसल्यावर कळे.

तिचा जन्मच कलकत्त्याचा. वडील रत्नागिरीकडचे, गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. बंगाली तिला मराठीइतकंच येई. लग्न होऊन कलकत्त्यातच बेहाल्याला बेहेऱ्यांच्या घरी आली आणि तिसाव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याची, विनायकाची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. घरात सगळ्यांनी तिला बजावलं होतं की त्याला काही कळू द्यायचं नाही. तो विचारी आणि ती म्हणे, "अहो, हवा बदलली की बरं वाटेल." शेवटी त्याने विचारणं सोडलं आणि तिच्याशी बोलणंही. नऊ दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि तसाच गेला. इस्पितळातल्या एका मल्याळी नर्सने तिला कूस कशी बदलावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करावं, ओठ कोरडे पडले की ओल्या कापसाने कसे टिपावेत, हे सगळं शिकवलं होतं. भिंतीकडे वळलेल्या माणसाचं काय करायचं, ते मात्र नर्सलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मंडळातल्या कुणाची सासू गेली, कुणाचे वडील गेले, आणि कालिंदी जात राहिली. माणूस गेल्यावरही दहा-बारा दिवस ती त्या घरात असे. मागे राहिलेल्यांच्या पोटात दोन घास जातात की नाही, कुणी एकटं खोलीत दार लावून बसलंय का, हे ती बघे. लोक तिचे पाय धरायचे बाकी ठेवत. पण महिन्याभराने तीच माणसं ट्राममध्ये भेटली तर खिडकीबाहेर बघत. ती घरात शिरली की शेजारी समजून जात, म्हणून कुणी तिला सहज चहाला बोलवायला धजत नसे. जाऊ, श्यामला, वाईट नव्हती. पण दिराच्या घरात राहायचं तर उपयोगी पडायला हवं, हे न बोलता रोज बोललं जात होतं.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये भावोजींनी असाच शब्द दिला श्यामकांत हर्डीकरांना. हर्डीकर बँकेत अधिकारी, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले, बेहाल्यातच गल्लीच्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. मूलबाळ नव्हतं. बायको मालती अडतीस वर्षांची. तिच्या पोटात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी हर्डीकरांना सांगितलं होतं की दुर्गापूजेपर्यंत काढील, फार तर. मालतीला सांगितलं होतं की अल्सर आहे.

पहिल्याच दिवशी हर्डीकरांनी कालिंदीला देव्हाऱ्यापुढे नेलं.

"तिला काही कळता कामा नये," ते म्हणाले. "ती हाय खाईल. तुम्ही तसा शब्द द्या, नाहीतर मी एखादी आया बघतो."

कालिंदीने समईकडे पाहिलं. विनायकाची पाठ तिच्या डोळ्यांपुढे आली. पण आया म्हणजे बंगाली, आणि मालतीला बंगाली येत नव्हतं. दिवसभर घरात पडून, बोलायला आपल्या भाषेतलं कुणी नाही, अशी बाई किती दिवस तगेल? तिने समईवर हात ठेवून शब्द दिला.

मालती तिला आवडली आणि तिथेच पंचाईत झाली. अशी आजारी माणसं तिने पाहिली नव्हती. मालती पथ्य पाळायची ते एखाद्या शाळकरी मुलीने गृहपाठ करावा तसं. तिखट बंद, लोणचं बंद, सकाळी बार्लीचं पाणी, दुपारी मऊ भात, बिनफोडणीचं वरण. वाईची बाई ती, तिला ठेच्याशिवाय घास उतरत नसे. पण म्हणे, "कालिंदीताई, सहा महिने काढायचे फक्त." कपाटात एक निळी इरकली होती, घडी न मोडलेली. ती बरं वाटल्यावर नेसायची होती. बदलीची अजून दोन वर्षं बाकी म्हणून तिने बंगालीची बालपोथी आणवली होती आणि कालिंदीकडून अक्षरं शिकत होती. बसच्या पाट्या वाचता आल्या पाहिजेत, म्हणायची. आणि दिवाळीत वाईला आईकडे जायचं होतं. आई बहात्तर वर्षांची, दोन वर्षांत भेट नाही. एप्रिलमध्ये आईचं पत्र आलं, उन्हाळ्यात येऊन जा म्हणून. मालतीने उत्तर लिहवलं की आता प्रवासाची दगदग नको, बरी होऊन दिवाळीलाच येते.

ते पत्र कालिंदीने आपल्या हाताने लिहिलं. लिहिताना तिच्या मनात आलं की ही बाई आत्ता गाडीत बसू शकते. दोन दिवसांचा प्रवास आहे, कठीण आहे, पण जमेल. महिन्याभराने जमणार नाही. तिने पत्राला पत्ता घातला, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं आणि परत येऊन बार्लीचं पाणी गाळलं.

त्या दिवसापासून तिला त्या दोन खोल्यांत श्वास पुरेनासा झाला. घरी दिरांचा शब्द, इथे तिचा शब्द. एकदा धीर करून तिने हर्डीकरांना म्हटलं की निदान आईला तरी कळवा. ते म्हणाले, आई आल्या की रडतील आणि हिला कळेल. एकदा भावोजींना म्हणाली, मला या घरातून सोडवा. ते पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "अर्ध्यावर कसं सोडणार? लोक काय म्हणतील?" मे गेला. मालतीचे डोळे पिवळे दिसू लागले, पाय सुजले. ती उठून न्हाणीघरापर्यंत जाईना.

जूनच्या शेवटी एके सकाळी कालिंदी हर्डीकरांकडे पोचली, हर्डीकर बँकेत गेले, आणि तासाभरात गल्ली बंद झाली. दोन्ही टोकांना राखीव पोलिसांच्या गाड्या लागल्या. भोंग्यावरून सांगत होते, कुणी घराबाहेर पडू नये. त्या वर्षी असं होई. नक्षलवादी पोरं शोधत पोलीस घराघरांतून फिरत. त्यांच्याकडेही दोघे आले, पलंगाखाली पाहिलं, मालतीकडे पाहिलं आणि माघारी गेले. कालिंदीने खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद, वीज गेलेली. दोघीजणी त्या बंद खोलीत बसून राहिल्या. बालपोथी मालतीच्या पोटावर पालथी पडली होती.

"कालिंदीताई," मालती म्हणाली, "हे माझ्यावर चिडत नाहीत."

कालिंदीला समजलं नाही.

"लग्नाला सतरा वर्षं झाली. चहा गार झाला तर चिडायचे, दिवा चालू राहिला तर चिडायचे. चार महिन्यांत एकदाही नाही. परवा माझ्या हातून औषधाची बाटली फुटली, तर म्हणाले, राहू दे हं." ती थांबली. "अल्सरच्या बाईशी कुणी असं वागत नाही."

बाहेर बूट वाजत गेले. कालिंदीने शब्द दिला होता आणि हो-नाही काहीतरी म्हणायला हवं होतं. मालती तिच्याकडे बघत होती. भिंतीकडे अजून वळली नव्हती.

"अल्सर नाही," कालिंदी म्हणाली.

मग मालती जे जे विचारत गेली ते ते तिने सांगितलं. काय आहे ते, कुठवर गेलंय ते, डॉक्टर काय म्हणाले ते. दुखेल का, याचंही उत्तर दिलं: दुखेल, पण त्यावर इंजेक्शन असतं आणि मी इथे असेन. मालती रडली नाही. बोटांवर काही मोजत होती.

"म्हणजे एप्रिलमध्ये मला वाईला जाता आलं असतं."

"हो."

"ते पत्र तुम्ही लिहिलंत."

"हो," कालिंदी म्हणाली. "मीच लिहिलं."

त्यावर मालतीने डोळे मिटले. पुढे आयुष्यभर कालिंदीला कुणी विचारलं असतं की तुझ्या हातून काय चुकलं, तर तिने ही दुपार नसती सांगितली; ते एप्रिलचं पत्र सांगितलं असतं. चार वाजता गल्ली उघडली. कालिंदीला वाटलं होतं की आता ही मला जा म्हणेल. मालतीने डोळे उघडून विचारलं, "आई इथे येऊ शकेल का?"

हर्डीकर आले तेव्हा कालिंदीने दारातच त्यांना सांगितलं की मी शब्द मोडला. ते काळेनिळे झाले. आवाज न चढवता म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." पण आतून मालतीचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट, की त्या येतील, आणि तुम्ही आत या आधी. ते आत गेले. कालिंदी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग त्यांचं रडणं ऐकू आलं. सकाळी ते स्वतः तारघरात गेले.

मालतीची आई, शारदाबाई, आठवड्याने आल्या. पुण्यापलीकडे कधी न गेलेली म्हातारी, पुतण्याला, मुकुंदला, बरोबर घेऊन दोन दिवस गाडीत बसून आली. हावड्याला उतरवून घ्यायला कालिंदी गेली होती. फलाटावर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गर्दी, पाय ठेवायला जागा नव्हती. नऊवारीचा काष्टा घट्ट करत म्हातारी त्यातून वाट काढत आली आणि आधी एवढंच म्हणाली, "आहे ना?"

टॅक्सीत कालिंदीने तिला सगळं सांगितलं, घरी पोचायच्या आधी, आडपडदा न ठेवता. म्हातारीने पूल संपेपर्यंत पदर तोंडात धरला. बेहाला आलं तेव्हा तिने तोंड पुसून घेतलं.

त्यानंतरचे सदतीस दिवस चांगले म्हणवत नाहीत, पण ते खोटे नव्हते. पथ्य संपलं. शारदाबाईंनी गाठोड्यातून लाल मिरचीचा ठेचा काढला. मालतीला दोन घासांपलीकडे जाईना, पण ती बोटाने ठेचा जिभेला लावी आणि डोळ्यांत पाणी आलं की हसे. निळी इरकली तिला नेसवता येणार नव्हती, म्हणून कालिंदीने ती पांघरूण म्हणून घातली. कालिंदीने शारदाबाईंना कूस बदलायला शिकवलं. हर्डीकर दारात उभे राहत, आत यायला भीत. तिने त्यांना हाताला धरून पलंगाशी बसवलं आणि तळव्यांना तेल लावायचं काम दिलं. एकदा तेलाची वाटी गादीवर लवंडली आणि ते मालतीवरच खेकसले, पाय हलवतेस कशाला म्हणून. मग आपल्याच बोलण्याने गार पडले. मालती इतकी हसली की तिला धाप लागली. "आता घर वाटतंय," ती म्हणाली.

वाईला मात्र ती पोचली नाही. तापात ती घाटाच्या पायऱ्या मोजी, कृष्णेचं पाणी मागे. शारदाबाई म्हणत, "आहे गं, इथेच आहे," आणि कालिंदीकडे बघत. कालिंदी मान खाली घाली.

ऑगस्टमधल्या एका सकाळी श्वास बदलला. कालिंदीने तो ओळखला आणि शारदाबाईंना आणि हर्डीकरांना बोलावलं. आता काय काय होईल ते सांगितलं, म्हणजे ते घाबरणार नाहीत. दहाच्या सुमारास मालती गेली. तिचं तोंड आईकडे होतं.

कालिंदी तेराव्यापर्यंत तिथे राहिली. हर्डीकर रोज बँकेत जायचे कपडे करत आणि पलंगाच्या रिकाम्या जागेशी बसून राहत. ती त्यांच्यापुढे ताट ठेवी आणि ते जेवेपर्यंत उठत नसे. ते एकदा म्हणाले, "मी तिचे तीन महिने घेतले." ती म्हणाली, "दोघांनी घेतले."

निघायच्या आधी शारदाबाईंनी कालिंदीला वाईला चल म्हटलं. घरात दोन खोल्या मोकळ्या आहेत, मी एकटी आहे, कुणाची उठाठेव करायची नाही, नुसती रहा. कालिंदीला पंधरा वर्षांत असं कुणी बोलावलं नव्हतं. तिने घरी येऊन ट्रंक काढली. श्यामला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की ह्यांनी सोमवारपासून गार्डन रीचच्या एका घरी शब्द दिलाय. कालिंदीने ट्रंक उघडी ठेवली, मग बंद केली. तिला शब्द मोडता आला असता, एक मोडून झालाच होता. पण गार्डन रीचला कुणीतरी पलंगावर पडून वाट बघत होतं, आणि ते तिला दिसत होतं.

शारदाबाई मुकुंदबरोबर परत निघाल्या. हावड्याला गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून कालिंदीचा हात धरला. "सगळ्यांशी तू बसतेस," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी कोण बसणार, पोरी?" गाडी हलली.

गार्डन रीचच्या घरी मुलाने तिला तेच सांगितलं: वडिलांना कळता कामा नये. कालिंदी म्हणाली, मी आपण होऊन सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मुलगा रागावला, म्हणाला, मग नकोच. ती अकरा वाजता बेहाल्याला परत आली. भावोजी संतापले. मला मान खाली घालायला लावलीस, म्हणाले, आणि दोन दिवस बोलले नाहीत. घरात ती कोपऱ्यातल्या स्टुलासारखी झाली. जो तो तिला वळसा घालून जाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाची बायको आली, ट्राममधून घाईघाईने उतरलेली, केस विस्कटलेले. सासऱ्यांनी सकाळी विचारलं होतं आणि घरातलं कुणीच उत्तर देऊ शकलं नव्हतं. तेव्हापासून ते तोंड उघडत नव्हते, औषध घेत नव्हते.

भावोजी सवयीने म्हणाले, "येईल ना आमची कालिंदी."

"मला विचारा," कालिंदी म्हणाली.

त्या बाईने मग तिलाच विचारलं, येता का म्हणून. कालिंदीने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"येते," ती म्हणाली. "आधी जेवते."

आणि पान वाढून घेऊन ती सावकाश जेवायला बसली.