वाफेच्या डब्यातली दिंडं

मुलगी दहावी झाली आणि लातूरला शिकवणी लावायचं ठरलं, त्याच उन्हाळ्यात माझी बदलीही लातूरच्या कचेरीत झाली. बायको मुखेडजवळच्या एका खेड्यात शिक्षिका. तिची बदली काही झाली नाही. मग मी आणि मुलगी लातूरला, ती मुखेडला, असं आमचं घर दोन ठिकाणी झालं.

आम्ही राहायचो ती गल्ली सगळी शिकवणीच्या पोरापोरींची. ज्याच्या त्याच्या घरावर दुसरा, तिसरा मजला चढत होता आणि प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्या. आमच्या घरमालकीण मावशींनी मात्र घरावर एक वीटही चढवलेली नव्हती. त्या भूकंपाच्या भागातल्या. गाव पडल्यावर आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या, मग मुलाबरोबर लातूरला आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला फळ्या नव्हत्या. पितळी डबे, कुकर, परात, सगळं खाली जमिनीलगत मांडलेलं. डोक्यावर वजन नको, एवढंच त्या सांगायच्या.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली. "जिथं लेकरू झोपतंय तिथं गॅस ठेवायचा न्हाई."

मला ते सोयीचंच वाटलं. चहापलीकडे मला काही येत नव्हतं, आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतून दोन्ही वेळचा डबा येत होता. पण डब्यातल्या भाजीवर तेलाचा तवंग असायचा. दिवाळीपर्यंत मुलीचं पोट पार बिघडलं. वर्गात बसवेना. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण आधी तो डबा बंद करा."

बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी रजा काढून येऊ का?"

"किती दिवस काढशील?" मी म्हणालो. "बघतो मी काहीतरी."

हे बोलणं मावशींनी दारातून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर खोलीत एक मोठं खोकं. त्यांचा मुलगा आखाती देशात नोकरीला होता. त्यानं आईसाठी वाफेवर शिजवणारा ओव्हन आणला होता आणि तो वर्षभर पलंगाखाली पडून होता.

"जाळ न्हाई, काही न्हाई," मावशी म्हणाल्या. "नुसती वाफ. बघा तुम्हाला जमतंय का. भाकरी मी देत जाईन दोन."

यंत्र दिसायला लहान टीव्हीसारखं. बाजूला पाण्याची टाकी, आत जाळीचे दोन कप्पे. मी मोठ्या उत्साहानं तांदूळ धुतले, पसरट भांड्यात घातले आणि दार लावलं. आत वाफ तर होतीच, मग वेगळं पाणी कशाला, असा माझा हिशेब. बराच वेळ काचेतून बघत बसलो. काढले तर तांदूळ नुसते गरम झालेले आणि दाताखाली कटकट वाजणारे.

मुलगी अंथरुणातून उठून यंत्राबरोबरचं पुस्तक वाचायला लागली. "पप्पा, भांड्यातसुद्धा पाणी घालायचं असतं. वाफ शिजवते, भिजवत नाही."

पुढच्या वेळी भात नीट झाला. तूप आणि मीठ घालून तिनं तो सगळा संपवला. मला त्या दिवशी कचेरीत कुणालातरी सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? माणसं पोरांच्या मार्कांबद्दल बोलत होती.

मग मी हळूहळू सरावलो. मूगडाळ रात्रभर भिजवली की मऊ शिजते. दुधी, गाजर, भेंडी वाफेवर रंग सोडत नाहीत. ढोकळ्यावर झाकण ठेवलं नाही तर यंत्राच्या आतल्या छतावरून पाणी ठिबकतं आणि मध्ये डबकं होतं. मेथी घातलेले ज्वारीच्या पिठाचे मुटके मावशींनी हातानं वळून दाखवले. ते आत ठेवले की मेथीचा वास अंगणापर्यंत जायचा. मावशी म्हणायच्या, "काय करायलाव आज भाऊ?" आणि वाटी घेऊनच यायच्या.

मुलीचं पोट सुधारलं. ती पहाटेच्या वर्गाला पुन्हा जायला लागली.

बोअरचं पाणी जड होतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला, ते त्याहून जड. एके दिवशी यंत्र दोनदा शिटी देऊन बंदच पडलं. आत सगळीकडे पांढरे क्षार बसलेले. मुलीनं पुस्तकात पाहून सांगितल्यावर लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत घातलं आणि ते पाणी तीन-चारदा फिरवलं. वाफ पुन्हा आली तेव्हा आम्ही दोघं उगाचच एकमेकांकडे बघून हसलो.

श्रावणात नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सगळं उकडून. मी मावशींना म्हणालो, "मावशी, पंचमी तर आपल्या यंत्राचाच सण हाय. पुरणाची दिंडं करायची का?"

त्या म्हणाल्या, "आम्ही दोघी जावा मिळून करायचो. पुरण वाटायची मी, लाटायची बी मी. घडी घालायची ती. माझी सुटती." त्यांनीच पुढं सांगितलं, "भूकंपात गेली ती. तवापासून न्हाई केली."

मावशी उठल्या आणि हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी बायको एसटीनं आली. पिशवीत मुखेडहून आणलेला गूळ होता. ती दारात उभी राहून बघत राहिली. मी डाळ शिजवत होतो, मुलगी अभ्यासाला बसली होती, खोली झाडलेली होती.

"मला काही कामच ठेवलं नाही तुम्ही," ती म्हणाली. ती हसत होती, पण ते तिला लागलं होतं हे मला कळलं.

सकाळी मावशींनी पारी लाटली आणि पुरण ठेवलं. पहिलं दिंड मी दुमडलं, त्याचं एक टोक उघडंच राहिलं. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. चारी बाजू आत घेऊन बोटानं दाबत तिनं चौकोन केला. मावशी लाटणं थांबवून बघत राहिल्या.

"अशीच घालायची ती," त्या म्हणाल्या. "आवळून."

बायको मावशींच्या जवळ सरकून बसली. मग त्या लाटत गेल्या, ही दुमडत गेली आणि मी जाळीवर मांडत गेलो. मुलगी वर्गातून आली आणि उभ्यानंच तूप घालून तीन खाल्ली. मावशींनी पहिलं दिंड आधीच ताटलीत काढून देवापुढं ठेवलं होतं. जेवताना त्या जावेबद्दल पहिल्यांदाच भरभरून बोलल्या. ती मोठ्यानं हसायची, चिंचा चोरून खायची, सासूची नक्कल करायची.

मुलीला डॉक्टरकीला नंबर लागला नाही. चार दिवस तिनं दार लावून घेतलं, मग स्वतःच पशुवैद्यकीयचा अर्ज भरला. आता ती उदगीरला गुराढोरांत रमली आहे. माझी बदली परत मुखेडला झाली. सामान बांधताना मावशी म्हणाल्या, "यंत्र घेऊन जा भाऊ, मला काय करायचं?" आम्ही नेलं नाही. बायको म्हणाली, "पुढच्या पंचमीला आम्ही इथंच येऊ."

त्याप्रमाणे आम्ही दरवर्षी जातो. बाकी दिवशी मुखेडच्या घरी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आणि संध्याकाळचा तिच्याकडे असतो. माझ्या भाजीत मीठ कमी असतं, असं ती रोज म्हणते.