पेज प्यालेलं सूत

कवडू कोष्ट्याची बोटं स्वस्थ बसणारी नव्हती. नागपूरच्या तांडापेठेत तीस वर्षं त्याने लुगडी विणली. बहात्तर साली त्याचा माग बंद पडला तेव्हा पायांना आराम मिळाला, बोटांना नाही. ती झोपेतही तुटलेला धागा शोधत.

मग तो कळमेश्वरच्या रस्त्यावर भैयाजींच्या संत्र्याच्या नर्सरीत लागला. गेला आळी खोदायला, पण महिनाभरात डोळे बांधू, म्हणजे कलमं करू लागला. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाची साल चिरायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी आवळायची. या कामात त्याचा जीव रमला.

पट्टी प्लास्टिकची असे. पूर्वी केळीच्या सोपटाची होती. प्लास्टिक आलं आणि ती गेली. पण पट्टी वेळेवर कापायची राहिली की झाड जाड होई आणि पट्टी सालीत रुतत जाई. फाल्गुनाच्या वाऱ्यात अशी सात रोपं गळ्यातून मोडलेली कवडूने पाहिली. त्या दिवसापासून त्याला चैन पडेना.

"भैयाजी, हे पट्टी झाडाचा गळा धरते," तो एकदा म्हणाला. "आपन सूत बांधू. झाड वाढलं का ते सैल होते, मंग सडून मातीत जाते. कापाचं कामच नाही."

"झाडाले लुगडं नेसवतं का गा, कवडू?" भैयाजी म्हणाले, आणि गडीमाणसं खो खो हसली. मग भैयाजींनीच बोली लावली. "दोनशे डोळे बांध सुतानं. दीडशे लागले तर पुढं सूतच. नाही लागले तर तू बांधनीवर नाही. आळे खंदजो."

कवडूने तांडापेठेतल्या मागांवरून ताण्याच्या उभ्या धाग्यांची उरलेली टोकं गोळा केली. दोनशे डोळे बांधले, आणि एकेक गाठ अशी की पाहणाऱ्याने सोडूच नये. तीन दिवस तो ओळीत येरझारा घालत राहिला.

चौथ्या दिवशी धाग्यांवर मुंग्या दिसल्या. कुठे पांढरी बुरशी धरली होती.  कवडूने एक गाठ सोडून धागा जिभेला लावला. भाताची पेज! ताण्याचं सूत पाजणीचं असतं. पेज पाजून धाग्याचे केस बसवल्याशिवाय कोष्टी त्याला मागावर चढवत नाही. सूत म्हणजे पेज प्यालेलं सूत, दुसरं त्याला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला सांगितलं. रंभाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"म्हंजे मुंग्यांले पंगत देल्ली म्हना की!"

"हसू नोको वं. माहा जीव जाऊन राहिला."

"मंग बसून काहून राहिले? राखेच्या पान्यात उकळा. लुगड्याची खळ जाते तर याची नाही जात?"

घरात उरलेलं सूत उकळून, पिळून वाळवलं तेव्हा त्याच्या अंगावर बारीक केस उभे राहिले, डोळ्याला दिसतील न दिसतील इतके बारीक. कवडूने धागा भिजवून पाहिला. त्या केसांनी पाणी धरलं, आणि आतून हवाही खेळत होती. ज्या केसांना जन्मभर चोपून बसवलं, तेच झाडाला हवे होते!

दुसऱ्या दिवशी तो आधी भैयाजींकडे गेला. "चूक माही आहे. सारे सोडून पुन्हा बांधतो."

"चार दिसाचा डोळा सोडला तर तो वाळते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. नाही सोडला तर मुंग्या खातेत."

भैयाजी म्हणाले, "बोली तेच राहीन."

एकेक डोळा ओल्या फडक्याखाली धरून कवडूने दोनशे गाठी पुन्हा मारल्या. मग दिवस मोजणं आलं. जेवताना तो मध्येच उठे. सकाळी सगळ्यांच्या आधी ओळीत उभा असे, पण हात लावायची छाती होत नसे.

एकविसाव्या दिवशी भैयाजी स्वतः मोजायला आले. हिरवा डोळा लागला, काळा गेला. शेवटच्या खुंटापाशी त्यांनी कंबर सरळ केली.

"एकशे अडतीस."

बारा कमी.  भैयाजींनी एका खुंटावरचं सूत बोटाने चाचपलं. मग सोबत आलेल्या मुकादमाला म्हणाले, "हे एकशे अडतीस विकाचे नाहीत. आपल्या बगिच्यात लावू."

"अन् विकाच्याले?" कवडूने विचारलं.

"प्लास्टिक. जल्दी होते. घेनारा कापून घेईन."

"नाही कापलं त?"

"तू आळे खंद गा आता."

कवडू आळी खोदू लागला. पण रोपांची गाडी भरू लागली की कुदळ टाकून धावत येई, कमरेला खोचलेलं पातं काढी आणि एकेका रोपाची पट्टी मागच्या बाजूने चिरी. एकदा भैयाजींनी पाहिलं; ते तोंड फिरवून विहिरीकडे गेले. गाडीवानाला घाई असे. बैल चालू लागत, आणि कवडू चाकासोबत चालत राही, वर हात करून, आणखी एक, आणखी एक, रस्ता येईस्तोवर.